देवानं सोडलेली पेंढी

यिस्काचे हात दोरीनं बांधले होते. तोंड बांधायचं मात्र राजाच्या माणसांना सुचलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा ते अख्खा डोंगर उतरेपर्यंत भोगत होते.

"चोर म्हणता मला? मला?" ती ओरडत होती. "भर उन्हात, सगळ्या गावासमोर, डोक्यावर पेंढी घेऊन, वर गाणं म्हणत घरी जाणारा चोर बघितलाय का कधी? सांग ना! बघितलाय?"

दोरीचं टोक धरलेला शिपाई गेरा तिच्याहून फार मोठा नव्हता. बन्यामीनच्या डोंगराकडचा पोरगा, दाढी अजून धड फुटली नव्हती. त्यानं खांदा कानापर्यंत वर उचलला. "पोरी, जरा दमानं घे. हा कान मला म्हातारपणापर्यंत पुरवायचाय."

"मग सोड मला. कान वाचेल."

"कान वाचेल गं, मान जाईल."

मागून तिची आई अतारा येत होती. डोक्यावरचं वस्त्र घसरलेलं, एका पायातली चप्पल तुटलेली, तशीच. "यिस्का, तोंड आवर," ती म्हणाली. "आज तरी, बाळा."

आज तरी! हे अतारा रोजच म्हणायची. विहिरीवर म्हणायची, जात्यावर म्हणायची, सणाच्या जेवणात तर दर घासाला म्हणायची. आणि यिस्का रोज ठरवायची की उद्यापासून नक्की.

पण आज गप्प बसायचं? आज? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शिवाय त्या आगीच्या खाली भीती होती, आणि बोलायचं थांबलं की ती वर सरकायची. चोर ठरलं तर काय होतं ते तिला माहीत होतं. गेल्या कापणीला शेजारच्या गावातली एक पोर अशीच धरली होती. भरपाई द्यायला घरात काही नाही, म्हणून तिला यरुशलेमला राजवाड्याच्या मागांवर विणायला नेली. ती अजून परतली नाही. तिची आई संध्याकाळ झाली की वेशीत येऊन उभी राहते, आणि येणाऱ्या प्रत्येक गाढवाकडे बघते.

यिस्का गेली तर अताराच्या घरात दुसरं कोण होतं?

झालं होतं ते एवढंच. डोंगराखाली ओढ्याला लागून जवाच्या शेताची एक लांब पट्टी आहे. ती यिस्काच्या बापाची, शामीरची. म्हणजे होती. राजाला उत्तरेकडच्या लढाईला माणसं हवी झाली, तेव्हा शामीरच्या हातातला विळा काढून भाला दिला. तो परत आला नाही. पुढच्या वसंतात राजाची माणसं आली आणि म्हणाली, बाईमाणसाला शेत कसं झेपणार, आम्ही सांभाळतो. तेव्हापासून त्या पट्टीतले जव राजाच्या घोड्यांच्या पोटात जातात. घोड्यांच्या! राजानं घोड्यांचा पसारा वाढवू नये हे देवाचं सांगणं गावातल्या शेंबड्या पोराला पाठ असतं. राजवाड्यात बसलेल्या त्या सगळ्या शहाण्यांना तेवढंच नेमकं पाठ नव्हतं?

तर मायलेकी आता स्वतःच्याच शेतात सरवा वेचायच्या. कापणाऱ्यांच्या मागे वाकून चालायचं, पडलेली कणसं उचलायची. तो गरिबाचा हक्क. शेताचे कोपरे न कापता सोडायचे, तोही हक्क. आणि तिसरा हक्क होता विसरलेल्या पेंढीचा. बांधलेली पेंढी चुकून शेतात राहून गेली, तर मालकानं तिच्यासाठी मागं फिरायचं नाही. ती विधवेची, अनाथाची, परक्या मुलखातून आलेल्याची.

शामीर जिवंत होता तेव्हा यिस्का त्याला विचारायची, "बाबा, तुम्ही दर वर्षी मुद्दाम एक पेंढी का विसरत नाही?"

तो हसायचा. "मुद्दाम कसं विसरणार, वेडाबाई? कोपरा मी सोडू शकतो. कणीस पडलं तर तसंच राहू देऊ शकतो. पण विसरायचं ठरवून विसरता येतं का? करून बघ. कितीही हुशार माणूस असू दे, ही एकच आज्ञा त्याला स्वतःहून पाळता येत नाही. कोपरा आपण सोडतो. पेंढी देव सोडतो."

मग एखाद्या वर्षी खरंच पेंढी राहून जायची, आणि शामीर घरी येऊन अशा थाटात सांगायचा की जणू त्याच्याकडे पाहुणा म्हणून कोणी मोठा माणूस आला होता.

आणि काल, राजाच्या गाड्या भरून खळ्याकडे निघाल्यावर, काळ्या दगडाच्या आडोशाला एक पेंढी राहिली होती. यिस्कानं ती आधीच पाहिली होती. पण गाड्या बांध ओलांडेपर्यंत तिनं तिला हात लावला नाही. रीत म्हणजे रीत. शेवटचं चाक बांधापलीकडे गेलं, तेव्हा तिनं पेंढी उचलली आणि, हो, गाणं म्हणत घरी गेली. आज सकाळी भाकरी थापायच्या आत गेरा आणि दुसरा शिपाई दारात!

शेतातला तंटा शेतातच सोडवायचा, जिथली वस्तू तिथं ठेवून, ही एन-खारूब गावची जुनी रीत. त्यामुळे एरवी वेशीत न्यायाला बसणारे वडीलधारे आज काठ्या टेकत खाली पट्टीत आले होते. शेताच्या मधोमध एला नावाचं जुनं, डेरेदार झाड आहे, त्याच्या सावलीत दगड आहेत, त्यावर ते बसले. पेंढी शेजारी ठेवली. अर्धं गाव बांधावर उभं. सगळ्यांत पुढं शेजारची तिर्सामावशी, कमरेवर हात, कुणी काही बोलायच्या आधीच नाक मुरडलेलं.

आणि तेवढ्यात पांढऱ्या खेचरावरून इथिएल आला.

राजाचा सल्लागार इथिएल. त्याला सगळ्या यहूदात 'न विसरणारा' म्हणत. कुठल्या खळ्यावर कोणत्या साली काय आलं, कुणाच्या गोठ्यात शेळी व्याली, कुणाच्या आज्यानं कुणाला काय शब्द दिला होता, सगळं त्याच्या डोक्यात. लोक म्हणायचे, राजा झोपतो तेव्हा इथिएल जागा असतो. आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण गुन्हा केलाय आणि हा बिचारा आपल्याला माफ करायला आलाय.

तो खाली उतरला. दगड सगळे भरलेले. उठून जागा कुणी दिली नाही, पण नजरही कुणी वर केली नाही. मग तो खालीच बसायला गेला आणि ताडकन उभा राहिला. ताज्या कापणीची धसकटं! सुईसारखी टोचतात ती. राजवाड्यातल्या गाद्यांवर वाढलेल्या अंगाला ती काय माहीत!

तिर्सामावशी तोंडावर पदर धरून खोकल्यासारखं काहीतरी करू लागली.

इथिएलनं इकडेतिकडे पाहिलं. मग बोटानं खूण केली. "गेरा, ती पेंढी इकडे सरकव."

आणि तो पेंढीवर बसला!

"ऊठ!" यिस्का किंचाळली. "उठा तिच्यावरून! ती भाकरी आहे! भाकरीवर बसतं का कुणी?"

"यिस्का," दगडावर बसलेले यरीबआबा म्हणाले. गावचे सगळ्यांत मोठे वडीलधारे तेच. तिच्या बापाच्या लग्नात यांनीच आशीर्वाद दिला होता. "मोठ्यांशी असं बोलू नये."

"मोठ्यांनी असं बसू नये!"

बांधावर खसखस पिकली. इथिएल हसला, मनापासून हसल्यासारखा. "बोलू द्या तिला, आबा. लेकरू आहे. बाळ, मला सांग, विसरलेल्या पेंढीचा नियम तुला माहीत आहे ना?"

"तुमच्यापेक्षा बरा."

"छान. म्हणजे, मालक विसरला तर ती गरिबाची. बरोबर?"

"बरोबर."

"या शेताचा मालक कोण?"

"देव," यिस्का म्हणाली.

"खरंच आहे. आणि त्याच्यानंतर?"

"माझा बाप."

"आणि त्याच्यानंतर," इथिएल आणखी मऊ आवाजात म्हणाला, "राजा. आता नीट ऐक. नियम म्हणतो, मालक विसरला तर. पण राजा विसरत नाही. विसरू नये म्हणूनच त्यानं मला नेमलंय. त्याची आठवण म्हणजे मी. तू मागच्या वल्हांडण सणाला कोणती शाल पांघरली होतीस, सांगू? निळी. उजव्या कोपऱ्याला फाटलेली."

बांधावरच्या बायका एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. खरंच होतं ते.

"माझ्याकडे एकच शाल आहे!" यिस्का म्हणाली. "त्यात आठवायचंय काय?"

या वेळी गेरासुद्धा हसला, आणि मग घाईघाईनं खेचराचे कान खाजवू लागला.

"मग सल्लागार," यरीबआबांनी घसा साफ केला, "ही पेंढी शेतात कशी राहिली?"

"वाळायला ठेवली होती. काळ्या दगडापाशी ऊन जास्त लागतं."

"खोटं!" यिस्कानं बांधलेले हात पेंढीकडे रोखले. "जव इतके वाळलेत की नुसतं बोट लावलं तरी दाणे गळताहेत. हे आबांनाही दिसतंय. तुम्हा सगळ्यांना दिसतंय! शेतात जन्म गेला तुमचा, आणि आता कुणीच बोलत नाही? मत्तनकाका, तुम्ही? गेल्या साली तुमची पेंढी राहिली, तुम्हीच आईला हाक मारून दाखवलीत. आठवतं का?"

मत्तनकाका आपल्या काठीची गाठ चाचपत राहिले.

"आणि दुसरं सांगते," ती इथिएलकडे वळली. आवाज फाटला तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. "राजा विसरत नाही म्हणे! राजा माणूस आहे. जांभया देतो, शिंकतो, त्याला ताप येतो. न विसरणारा एकच आहे, आणि तो यरुशलेमच्या राजवाड्यात राहत नाही. मिसरात आपले आजे-पणजे विटा थापत होते, तेव्हा तिथल्या राजाकडे काय कमी शहाणे होते? त्या सगळ्यांच्या डोक्यावरून ज्यानं आपल्याला बाहेर काढलं, त्याची गोष्ट आहे ही पेंढी. माणसाच्या हातून निसटावं म्हणून त्यानं ठेवलेली. तुम्ही तीही निसटू देणार नाही? आज त्याची आठवण राजाला देऊन टाकलीत, उद्या त्याचा पाऊसही देऊन टाका!"

ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

इथिएलचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांत राहिलं नव्हतं. "आबा, पोर फार बोलते. न्याय करा."

यरीबआबांनी जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शपथ घ्या, सल्लागार. शपथेवाचून आम्ही पोरीला देणार नाही."

एवढंच त्यांच्या अंगात उरलं होतं, आणि तेवढंही त्यांना जड गेलं.

इथिएलनं बसल्या बसल्याच हात वर केला. "जिवंत परमेश्वराची शपथ. राजाच्या शेतातली एकही पेंढी मी विसरत नाही. विसरलो, तर परमेश्वरानं मला विसरावं."

तो खोटं बोलतोय असं त्याला स्वतःला वाटत नव्हतं, हे यिस्काला स्पष्ट दिसलं. आणि त्यामुळेच तिचा संताप आणखी वाढला. तो खरंच मानत होता! आपण विसरत नाही, म्हणजे आपल्याला जे आठवत नाही ते घडलेलंच नाही!

निकाल काय लागणार ते सगळ्यांना कळलं होतं. यरीबआबा तो इतका पुटपुटत बोलले, की इथिएलनं पुन्हा मोठ्यानं म्हणून दाखवला. यिस्का चोर. भरपाई देता येत नाही, म्हणून ती राजवाड्याच्या मागांवर जाईल. केव्हा परत यायचं ते राजा ठरवेल.

"माझी एकच आहे हो," अतारा म्हणाली. रडली नाही, हात जोडले नाहीत, फक्त तेवढंच म्हणाली. कुणालाच ते अंगावरून झटकता येईना.

यिस्कानं वर पाहिलं. आकाश नेहमीसारखं निळं, रिकामं. झोपलास का? ती मनात म्हणाली. आत्ता तुझ्यासाठी एवढं भांडले, अख्ख्या गावात मी एकटी, आणि तू झोपलास? बापाला नेलं तेव्हा काही बोलला नाहीस, शेत नेलं तेव्हा नाही. आता तरी बोल की काहीतरी!

एका चिमणीनं धसकटातून दाणा उचलला आणि ती उडून गेली.

"चला, ऊन चढतंय," इथिएल उठला. अंगरख्याला चिकटलेली कुसळं त्यानं झटकली. गेरानं खेचर पुढं आणलं, इथिएलला वर चढवलं. दुसऱ्या शिपायानं यिस्काची दोरी धरली. मिरवणूक निघाली: पुढं खेचर, मागं यिस्का, आणि बांधावरचे लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते, खाली मान घालून. लाज वाटत होती त्यांना. वाटू दे! वाटायलाच हवी!

आईला एकदा नीट बघून घ्यावं म्हणून यिस्कानं मान वळवली.

आणि तिचं पाऊल अडखळलं.

एला झाडाखाली, दगडांच्या पुढं, मधोमध खोलगट झालेली, चपटी, बिचारी, पेंढी तशीच पडली होती.

ज्या पेंढीसाठी हा सगळा खटाटोप! जिच्यासाठी तिचे हात बांधले! तिच्यावर बसून निकाल मिळवला, आणि ती घेऊन जायचं याच्या लक्षातच नाही!

तिच्या तोंडात शब्द आला. दातांपर्यंत आला. आणि तिनं जीभ अशी चावली की डोळ्यांत पाणी आलं.

कारण बांध अजून पुढं होता.

आईनंही पाहिलं होतं. दोघींची नजर भेटली. शेजारी तिर्सामावशीनं हात पुढं करून "अहो, ती पें..." एवढं म्हटलंच होतं, तोच अतारानं तुटक्या चपलेच्या टाचेनं तिचा अंगठा असा दाबला, की उरलेला शब्द तिर्सानं गिळून टाकला.

यिस्का चालत राहिली. आजवर तिनं एवढं अवघड काही केलं नव्हतं. एन-खारूबची यिस्का, जिला झोपेतही बोलताना आईनं ऐकलं होतं, ती गप्प होती! गाल फुगले होते, कान लाल झाले होते. गेरानं वळून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला बरं नाही की काय अशा काळजीनं त्याची भुवई चढली. मग तिच्या नजरेमागं त्याची नजर गेली. झाडाखाली. तिथं एक क्षण थांबली. मग तो पुन्हा पुढं बघून चालू लागला, आणि कारण नसताना शीळ घालू लागला.

खेचराचे पुढचे पाय बांधावर चढले. पलीकडे उतरले. खेचर आळशी, तिथंच एक गवताची काडी बघून थबकलं. चल ना! यिस्का मनात ओरडली. चल, गाढवाच्या लेका, चल! मागचे पाय चढले. उतरले. शीवेचा दगड मागं पडला.

"सल्लागार," यिस्का म्हणाली. आवाज इतका गोड, की अताराला तो आपल्या मुलीचा वाटेना. "तुम्ही काही विसरलात तर नाही ना?"

"मी विसरत नाही," मागं न वळता इथिएल म्हणाला.

"मग तुमचं आसन कुठंय?"

तो वळला.

सगळं गाव वळलं. एला झाडाखाली, अर्ध्या उन्हात, अर्ध्या सावलीत, पेंढी पडली होती, आणि आत्तापर्यंत त्या शेतात कुणाकडेही एवढ्या माणसांनी एका वेळी पाहिलं नसेल.

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण तिर्सामावशीचं हसू सगळ्यांना ऐकू गेलं, अंगठा दुखत असूनही.

"गेरा," इथिएल म्हणाला. "जा. आण ती."

गेरा हलला नाही.

"ऐकू आलं नाही?"

"आलं, सरकार." गेरानं खेचराचा लगाम मुठीत आवळला होता, बोटं पांढरी पडली होती. "दुसरं काहीही सांगा. डोंगर चढून जायला सांगा, पाण्यात उडी मारायला सांगा. पण बांध ओलांडल्यावर पेंढीसाठी मी मागं फिरणार नाही. माझा बाप गेला तेव्हा मी एवढासा होतो. आईनं मला असल्याच पेंढ्यांवर वाढवलं."

इथिएलनं दुसऱ्या शिपायाकडे पाहिलं. दुसरा शिपाई आकाशात ढग शोधत होता. ढग नव्हता.

मग न विसरणारा इथिएल स्वतः खाली उतरला. शीवेच्या दगडापर्यंत आला. एक पाय उचलला. तो पाय हवेतच राहिला, कारण पलीकडून यरीबआबा उठून उभे राहिले होते, आणि त्यांची पाठ ताठ झालेली गावानं किती तरी वर्षांनी पाहिली.

"मी ती मुद्दाम ठेवली," इथिएल म्हणाला.

"वाळायला?" तिर्सामावशीनं विचारलं.

आता हसू थांबेचना. मघाशी माना खाली घातलेले सगळे हसत होते. यिस्काला त्यांचाही राग आला. आता हसताय!

"सल्लागार," यरीबआबा म्हणाले, आणि हसणं विझलं. "मुद्दाम ठेवली असेल, तर शपथेवर सांगा. हात वर करून. मघासारखं."

इथिएलचा हात वर आला. खांद्यापर्यंत आला. तोंड उघडलं.

पण तो न विसरणारा होता ना! त्याला त्याची मघाची शपथ शब्दन् शब्द आठवली. विसरलो, तर परमेश्वरानं मला विसरावं. मागं फिरून पेंढी उचलावी, तर विसरलो हे कबूल. ठेवली म्हणावं, तर जिवंत देवाच्या नावानं धडधडीत खोटं. त्याच्या डोक्यात यहूदातलं प्रत्येक खळं होतं, प्रत्येक गोठा होता, पण या दोन्हींच्या मधून निघणारी एक पायवाट काही सापडेना. ऊन त्याच्या कपाळावर होतं. पहिल्यांदाच तो माणसासारखा दिसला, दमलेला, घाबरलेला, कुणाचा तरी बाप असावा तसा.

त्यानं पाय मागं घेतला. हात खाली आला.

"दोरी सोड तिची," तो म्हणाला, इतक्या हळू की गेरानं ते ऐकलं याचंच नवल. नाही तर कदाचित गेरानं ऐकायच्या आधीच गाठ सोडायला घेतली असेल.

खेचर निघालं. इथिएलनं मागं पाहिलं नाही. गेरा जाता जाता कानावर हात ठेवून यिस्काला म्हणाला, "गप्प बसलीस तेव्हा जास्त भीती वाटली गं तुझी."

अतारा धावत आली आणि तिनं मुलीचे वळ उठलेले हात आपल्या हातांत घेतले, चोळले, पुन्हा चोळले. यरीबआबाही काठी टेकत आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघ, पोरी," ते म्हणाले. "परमेश्वरानं न्याय केला."

"हो, त्यानं केला!" यिस्का उसळली. "तुम्ही नाही केलात! तुम्हाला तर दाणे गळताना दिसत होते. एक पेंढी विसरायला लावून त्यानं माझे हात सोडवले. त्याच्याकडे सल्लागार नव्हते, शिपाई नव्हते, एक झाड होतं आणि थोडी धसकटं. आणि तुम्ही एवढे सगळे जण होतात!"

"यिस्का..." अतारा म्हणाली. पण तोंड आवर असं म्हणाली नाही.

यरीबआबांनी मान हलवली, एकदाच, आणि काठी टेकत डोंगराकडे वळले. यिस्काला वाईट वाटलं नाही. संध्याकाळी वाटेल कदाचित. आत्ता नाही.

ती मागं शेतात गेली. आज काही गाणं म्हटलं नाही. पेंढी उचलली, डोक्यावर ठेवली, आणि वर घरी आणली. अंगणात वस्त्र पसरून अतारानं काठी घेतली आणि दाणे झोडायला बसली. पण काठी दोन-चारदा मारली न मारली, तोच कणसं मोकळी होऊन दाणे भराभरा खाली आले.

"अगंबाई," अतारा म्हणाली. काठी तिनं बाजूला ठेवली. "याची अर्धी मळणी तर त्यानंच करून दिलीय की!"

"त्याच्या बुडानं!" कुंपणावरून तिर्सामावशी ओरडली. "नीट धुवून घे हो, अतारा. नाही तर भाकरीला राजवाड्याचा वास येईल!"

आणि अतारा हसली. शामीर गेल्यापासून यिस्कानं आईला असं हसताना पाहिलं नव्हतं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. यिस्काची भीती केव्हाच विरघळली होती. राग मात्र होता तसाच होता, चांगला कडकडीत. शेत अजून राजाकडेच होतं. घोडे अजून खात होते.

तिनं मूठभर दाणे तव्यावर टाकले आणि ते तडतडायला लागले.

"आई, वरच्या टेकडीवर उद्या कापणी आहे," ती म्हणाली. "सरवा वेचायला मीच पुढं जाणार. आणि कुणी अडवलं ना..."

"माहीत आहे," अतारा डोळे पुसत म्हणाली. "बोल हो, बाळा. बोल."